मागच्या पुराची खूण ही लक्ष्मणरेषा नव्हे



मृग तोंडावर आला आहे. घरोघरी बी-बियाण्याची, खताची, आडसाली लागणीची बोलणी सुरू आहेत. या धांदलीत एक विषय दरवर्षी मागे पडतो, म्हणून तो आम्ही या अंकात मुद्दाम घेतला आहे. तो विषय म्हणजे महापूर, आणि महापुराबरोबर येणारा अंधार.

कोकणच्या माणसाला वादळाचे भय. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली. आपण घाटाच्या अलीकडचे. आपल्यावरचे मोठे संकट वाऱ्यातून नव्हे, तर नदीच्या पात्रातून येते. पण घरात शिरल्यावर दोन्हींचा हिशेब सारखाच. लाईट जाते, पिण्याचे पाणी बंद होते, गिरणी थांबते आणि माणूस अडकतो.

पाणी येते कसे

आपल्या गावात ऊन पडलेले असते, आणि माणूस म्हणतो, "पाऊस कुठाय? पूर कसला येतोय!" इथेच फसगत होते. आपल्याकडे येणारे पाणी पडते महाबळेश्वरला, नवजाला, कोयनेच्या खोऱ्यात. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत एकट्या महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या आणि माणसे गाडली गेली.

कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते. पुढे ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. खाली नदीला उतार कमी आणि वळणे फार. सगळ्या नद्या एकाच वेळी भरून आल्या की एकीचे पाणी दुसरीला अडवते. म्हणून आपल्याकडचा पूर चढायला एक-दोन दिवस घेतो, पण उतरायला आठवडा लावतो.

रेडिओवर, टीव्हीवर सांगतात की कोयनेतून एक लाख क्युसेक पाणी सोडले. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण अठ्ठावीस लिटर. लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लाख लिटर. हे दिवसभर चालले तर साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी खाली येते. कोयना धरणाची पूर्ण साठवण १०५ टीएमसीच्या आसपास आहे, यावरून अंदाज घ्यावा. यात वाटेतल्या ओढ्या-नाल्यांचे पाणी धरलेलेच नाही.

२००५ ने शिकवले, २०१९ ने फसवले

सांगलीच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. त्या पुराच्या खुणा लोकांनी भिंतीवर करून ठेवल्या, आणि पुढे चौदा वर्षे त्या खुणांवर विश्वास ठेवला.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. "पाचच्या पुरात आमच्या जोत्याला पाणी लागलं नव्हतं" म्हणून कित्येक कुटुंबे घरातच बसली. आमच्या माहितीतल्या एका सभासदाने गव्हाची पोती पलंगावर रचली होती, कारण मागच्या वेळी पाणी उंबऱ्यापर्यंतच आले होते. या वेळी पलंग तरंगला. पोती तर गेलीच, पण म्हाताऱ्या आईला माळवदावर चढवून दोन रात्री काढाव्या लागल्या. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची नाव उलटली. बायका-मुले गेली. वेळीच पायी निघता आले असते, तर नावेत दाटीवाटीने बसण्याची पाळी कुणावर आली नसती. २०२१ ला पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेले. म्हणजे सोळा वर्षांत तीनदा.

म्हणून आमचे पहिले सांगणे हे, की मागच्या पुराची खूण म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. पुढचे पाणी ती ओलांडू शकते.

घराचा उंबरा नको, रस्त्याचा सखल भाग बघा

पाणी घरात शिरण्याआधी रस्ता बुडतो. आपल्या गावचा ओढ्यावरचा पूल, गावाबाहेरचा सखल रस्ता पातळी किती असताना पाण्याखाली जातो, हे गावातल्या जाणत्यांना विचारून आजच लिहून ठेवा. सांगलीकडच्या गावांनी आयर्विनचा आकडा धरावा. तांबवे, कऱ्हाड, बहे, भिलवडी अशा वरच्या गावांनी आपापल्या पुलाची खूण धरावी, कारण आयर्विनला पाणी चढेपर्यंत त्यांचा रस्ता गेलेला असतो. तो आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. पाणी त्याच्या चार-पाच फूट खाली असतानाच म्हातारी माणसे, बाळंतीण, आजारी माणूस आणि जनावरे हलवायची. त्या वेळी चर्चा नको. चर्चा आज, जेवताना करून घ्या. कुणाकडे जायचे, दूध कोण काढणार, किल्ली कुणाकडे, हे सगळे ठरलेले असावे.

अंधार आधी येतो

पाणी वाढू लागले की विजेची उपकेंद्रे आणि डीपी पाण्यात जातात, किंवा धोका टाळण्यासाठी पुरवठा मुद्दाम बंद केला जातो. त्यावर चिडून उपयोग नाही, पाण्यात उतरलेली वीज माणूस मारते. पण लाईट गेली म्हणजे नळाची मोटर बंद, पिठाची गिरणी बंद, आणि थोड्या वेळात मोबाइलही बंद. तेव्हा ही कामे लाईट असतानाच करावीत:

दहा-बारा दिवसांचे पीठ दळून आणावे. भडंग, शेंगदाणे, गूळ, चटणी, भाजलेले पीठ असे न शिजवता खाता येईल ते हवाबंद डब्यात भरावे. पिण्याचे पाणी कॅनमध्ये भरून उंचावर ठेवावे. बॅटरी, जादा सेल, काडेपेटी आणि नेहमीची औषधे एका पिशवीत असावीत. बीपी-साखरेच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या घ्याव्यात. मोबाइल भरून घ्यावा आणि महत्त्वाचे नंबर कागदावर उतरवावेत. जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, महावितरण १९१२.

घर सोडताना मेन स्विच बंद करावा, पण अंग कोरडे असेल आणि पाय कोरड्या जागी असेल तरच. बोर्डापर्यंत पाणी आले असेल तर हात लावू नये. गॅसची टाकी बंद करून घट्ट बांधावी. जनरेटर किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत लावू नये, तिचा धूर झोपेतच जीव घेतो.

कागद, जनावरे, मोटर

सातबारा, आठ-अ, आधार, रेशनकार्ड, पासबुक, कारखान्याचे शेअर सर्टिफिकेट आणि ऊस नोंदीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून औषधांच्या पिशवीतच ठेवा. त्यांचे फोटो पाहुण्यांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. पंचनाम्याच्या वेळी कागद नसला की माणसाची किती धावपळ होते, हे आम्ही पाहिले आहे.

जनावरांना घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्यावी. हलवणे अशक्यच झाले तर दावे सोडून द्यावे. मोकळे जनावर पोहून वाचते, बांधलेले गोठ्यात मरते.

नदीकाठची मोटर आणि स्टार्टर पाणी चढण्याआधी काढून घ्या. मात्र त्यासाठी रात्री एकट्याने काठावर जाऊ नका. मोटर परत मिळते, कारभारी परत मिळत नाही. बुडालेली मोटर वाळवून, वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय सुरू करू नये, नाहीतर वाइंडिंग जळते.

पाणी ओसरल्यावर

घरी परतण्याची घाई असते, पण आधी भिंत बघा, मग आत जा. चिखलात साप असतो. काठीने चाचपून, बूट घालून काम करा. साप चावला तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, माणसाला चालवू नका, थेट सरकारी दवाखान्यात न्या. पाणी उकळून प्या. विहिरीत टीसीएल पावडर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाच्या सांगण्याप्रमाणेच टाका. पुराच्या चिखलातून लेप्टोचा ताप येतो, तेव्हा पायाला जखम असताना चिखलात उतरू नका आणि ताप आला तर डॉक्टरांना "मी चिखलात काम केलंय" हे आवर्जून सांगा. साफसफाईआधी घराचे, गोठ्याचे, उसाचे फोटो काढा. नुकसानीची नोंद तलाठ्याकडे आणि बुडालेल्या उसाची माहिती गट ऑफिसला द्या.

यातले बरेचसे काम बिनखर्ची आहे. एक रविवार आणि घरातल्या सगळ्यांचे एकमत, एवढेच लागते. ऊस बुडाला तर पुढच्या लागणीला पुन्हा उभा राहतो, पण गेलेला माणूस उभा राहत नाही. आपल्या भिंतीवर तो आकडा लिहून झाल्याशिवाय हा अंक बाजूला ठेवू नये, एवढीच आमची विनंती.