आरोग्यविषयक दुय्यम विषयाची निवड

१८५४ सालच्या ऑगस्टअखेरीस लंडन शहराच्या सोहो भागात पटकीची साथ उसळली. ब्रॉड स्ट्रीट व तिच्या आसपासच्या गल्ल्यांतून थोड्याच दिवसांत ६०० हून अधिक माणसे दगावली. दूषित हवेमुळे हा रोग पसरतो, असा त्या काळच्या बहुतेक वैद्यांचा समज होता. डॉ. जॉन स्नो यांचे मत निराळे होते. मृतांच्या घरांची माहिती गोळा करून त्यांनी त्या रस्त्यावरील सार्वजनिक पंपाच्या पाण्याकडे बोट दाखविले, आणि ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. तथापि ते पाणी दूषित झाले कसे, याचा उलगडा स्नो यांना करता आला नव्हता. तो केला हेन्री व्हाइटहेड नावाच्या एका तरुण धर्मोपदेशकाने. व्हाइटहेड यांना वैद्यकाचे शिक्षण नव्हते; स्नो यांचे मत खोडून काढावे, याच हेतूने ते चौकशीस निघाले होते. परंतु त्या वस्तीतील कुटुंबांशी त्यांचा नित्याचा परिचय होता. एकेका घरी ते पुनःपुन्हा गेले. साथ भडकण्याच्या आधीच पंपाशेजारच्या घरातील एका तान्ह्या मुलीला अतिसार झाला होता, आणि तिचे कपडे भिजविलेले पाणी तिच्या आईने घराच्या मळकुंडात ओतले होते, हे त्यांनी हुडकून काढले. पुढे ती जागा खणली असता मळकुंडातील पाणी विहिरीत झिरपत असल्याचे दिसून आले.

आरोग्याचा प्रश्न एका शास्त्राच्या कुंपणात मावत नाही, हे या जुन्या हकीगतीवरून ध्यानात येते. तर्क वैद्याचा होता. पण तो पुरा होण्यास माणसांची ओळख असलेल्या दुसऱ्या मनुष्याची गरज लागली. आज भारतातील पदवीच्या विद्यार्थ्याला या दोन दृष्टी काही अंशी स्वतःच्या ठायी एकत्र आणण्याची संधी मिळाली आहे. तिचा उपयोग कसा करावा, याचा विचार येथे केला आहे.

दुय्यम विषय म्हणजे काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांची नवी चौकट जाहीर केली. तीनुसार विद्यार्थी एक मुख्य विषय घेतो आणि त्याच्या जोडीस एक दुय्यम विषय निवडतो. महाविद्यालयांच्या बोलीत यांना ‘मेजर’ आणि ‘मायनर’ म्हणतात. अभ्यासाचे माप श्रेयांकांनी केले जाते. आठवड्यास एक तास याप्रमाणे १५ आठवड्यांची व्याख्याने म्हणजे एक श्रेयांक होय; प्रयोगशाळेतील कामास तेवढ्याच श्रेयांकासाठी दुप्पट तास द्यावे लागतात. आयोगाच्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात. त्यांपैकी ६० मुख्य विषयाचे व २४ दुय्यम विषयाचे असतात. चार वर्षांच्या पदवीस हे आकडे अनुक्रमे १६०, ८० आणि ३२ असे आहेत. पहिली दोन सत्रे निरनिराळे विषय चाखून पाहावेत आणि दुसऱ्या सत्राच्या शेवटी दुय्यम विषय निश्चित करावा, अशी यात योजना आहे. तपशील मात्र विद्यापीठागणिक बदलतात. म्हणून ज्याने त्याने आपल्या विद्यापीठाची नियमपुस्तिका पाहणे अवश्य आहे.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. २४ श्रेयांक म्हणजे केवळ व्याख्यानांचा हिशेब केल्यास ३६० तास. एवढ्या अवधीत एखाद्या शास्त्राची परिभाषा समजू लागते, त्यातील पुरावा कसा तपासतात हे कळते, आणि त्या शास्त्राच्या जाणकाराशी बोलताना योग्य प्रश्न विचारता येतात. त्या शास्त्रात प्रावीण्य मात्र येत नाही. दुय्यम विषयाची ही शक्ती आणि ही मर्यादा, दोन्ही ध्यानात घेऊनच निवड केली पाहिजे.

एक व्याधी, अनेक शास्त्रे

पंडुरोग, म्हणजे ज्याला सामान्यतः रक्तक्षय किंवा ॲनिमिया म्हणतात, त्याचे उदाहरण घेऊ. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना हा विकार असल्याचे आढळले. याचे कारण काय?

रसायनशास्त्राचा अभ्यासक सांगेल की, रक्तातील हीमोग्लोबिन घडण्यास लोह लागते, आणि धान्ये व डाळी यांतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. आहारशास्त्रज्ञ त्यात भर घालील : जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने हे शोषण आणखी घटते, तर लिंबू किंवा आवळा यांतील क जीवनसत्त्वाने ते वाढते. जीवशास्त्रज्ञ हुककृमी आणि हिवताप यांची आठवण देईल, तसेच सिकलसेल व थॅलसेमिया या आनुवंशिक विकारांचीही. समाजशास्त्रज्ञ विचारील की, घरात सर्वांत शेवटी कोण जेवते, आणि भाजीचे पातेले तोवर कितपत शिल्लक असते? अर्थशास्त्रज्ञ भाजीपाल्याचे भाव आणि शिधावाटपातील धान्य यांचा मेळ घालून पाहील. संख्याशास्त्रज्ञ सर्वांना जरा थांबवून म्हणेल की, बोट टोचून काढलेल्या रक्ताच्या थेंबावरून केलेले मापन आणि शिरेतून घेतलेल्या रक्तावरून केलेले मापन यांत फरक पडतो. तेव्हा दोन पाहण्यांची तुलना करण्यापूर्वी त्यांची मोजण्याची रीत पाहा.

यांपैकी कोणाचेही म्हणणे खोटे नाही. पण एकट्याने कोणाचेही पुरे पडत नाही. निवडीचे सूत्र येथेच सापडते. आपला मुख्य विषय ज्या ठिकाणी थांबतो, त्या ठिकाणापासून पुढे नेणारा दुय्यम विषय घ्यावा. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने मानवी शरीरक्रियेचा दुय्यम विषय घेतल्यास त्याला बरेचसे परिचितच पुन्हा भेटेल. त्याऐवजी संख्याशास्त्र घेतल्यास आपल्याच प्रयोगांतील आकडे विश्वसनीय आहेत की नाहीत, हे त्याला पारखता येईल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला सार्वजनिक आरोग्याचा विषय उपकारक ठरेल, कारण रुग्णालयाच्या एका बिलाने कुटुंब कर्जात का बुडते, हा प्रश्न दोन्ही शास्त्रांच्या सीमेवर उभा आहे. भूगोलाच्या अभ्यासकाला साथीच्या रोगांचे शास्त्र घेता येईल. डासांची पैदास, पाऊस आणि वस्ती यांचा संबंध नकाशावर मांडणे हे त्याचेच काम आहे. भाषेच्या विद्यार्थ्यालाही यात स्थान आहे. औषधाच्या पाकिटावरील सूचना रुग्णाला समजत नसेल, तर उत्तम औषधही वाया जाते.

गणितज्ञ आणि प्रथिनांची दरी

मुख्य विषयात खोल पाय रोवून आरोग्याच्या प्रश्नाकडे वळलेला मनुष्य काय करू शकतो, याचे उदाहरण पां. वा. सुखात्मे यांच्या जीवनात सापडते. १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणिताचे शिक्षण घेतले आणि लंडनमध्ये संख्याशास्त्राचा उच्च अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर नमुना-पाहणीच्या पद्धतीने पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज कसा करावा, या कार्याचा त्यांनी पाया घातला. १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

त्या काळी गरीब देशांतील कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या तुटवड्यात आहे, असे मत जगभर रूढ झाले होते. या ‘प्रथिनांच्या दरी’वर उपाय म्हणून विशेष प्रथिनयुक्त खाद्ये तयार करण्याच्या योजना आखल्या जात होत्या. सुखात्मे यांनी भारतातील आहार-पाहण्यांचे आकडे पुन्हा तपासले. ज्यांना प्रथिने अपुरी मिळतात, त्यांतील बहुतेकांना मुळात अन्नच अपुरे मिळते, असे त्यांना दिसून आले. डाळ-धान्याचा नेहमीचा आहार पोटभर मिळाला, तर प्रथिनांची गरज बहुतांशी त्यातूनच भागते. पोट अर्धे रिकामे असेल, तर खाल्लेली प्रथिनेही शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. म्हणून आधी पोटभर अन्न, हा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. पोषणासंबंधीच्या त्यांच्या पुढील काही मतांवर विद्वानांत मोठे वाद झाले. परंतु आकड्यांना विचारलेल्या या एका प्रश्नाने पोषणविषयक विचाराला वळण लावण्यास हातभार लागला, यात शंका नाही. सुखात्मे हे वैद्य नव्हते. गणित सोडून ते आरोग्याकडे गेले नाहीत. गणित घेऊन गेले.

दुय्यम विषय हा परवाना नव्हे

येथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश हुकला म्हणजे पुष्कळ विद्यार्थी, आणि त्यांहूनही अधिक त्यांचे पालक, ज्या विषयाच्या नावात ‘आरोग्य’ हा शब्द असेल तो घेऊन मनाची समजूत घालतात. मागच्या दाराने तरी त्या क्षेत्रात शिरता येईल, अशी आशा त्यामागे असते. ही आशा व्यर्थ आहे. वैद्यकीय पदवीचा मार्ग राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतूनच जातो. कोणताही दुय्यम विषय तिची जागा घेऊ शकत नाही. भौतिकोपचार, प्रयोगशाळा-तंत्र, दृष्टिमापन, आहारोपचार इत्यादी व्यवसायांच्या नियमनासाठी २०२१ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला आहे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यास भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले शिक्षण व तिच्या नोंदवहीत नाव असावे लागते. मानसशास्त्राच्या २४ श्रेयांकांनी कोणासही मनोरुग्णावर उपचार करण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.

हा निर्बंध केवळ कागदी नाही. शहाळ्याचे पाणी व केळे हे निरोगी मनुष्याला हितकर पदार्थ आहेत. परंतु दोहोंत पोटॅशियम विपुल असते. ज्याची मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत, त्याच्या रक्तात ते साठून हृदयाची गती बिघडू शकते, आणि प्रसंगी जीवही जाऊ शकतो. आहारशास्त्राचे चार पेपर उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने शेजारच्या आजोबांना सद्भावनेने दिलेला सल्ला असा घातक ठरण्याचा संभव असतो. आपल्याला कोठपर्यंत कळते आणि कोठून पुढे तज्ज्ञाकडे पाठवावे लागते, हे ज्याने शिकले, त्याचा दुय्यम विषय सार्थकी लागला असे समजावे.

निवडीपूर्वीच्या चार कसोट्या

पहिली कसोटी पूर्वतयारीची. जैवसंख्याशास्त्रास गणिताची आणि सूक्ष्मजीवशास्त्रास रसायनशास्त्राची थोडीबहुत बैठक लागते. ती नसेल तर पहिल्या दोन सत्रांत ती भरून काढता येईल काय, हे अध्यापकांना विचारावे.

दुसरी कसोटी प्रत्यक्ष कामाची. अभ्यासक्रमात प्रयोगशाळा, गावातील पाहणी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील काम आहे की केवळ पुस्तकी पाठ आहेत, हे पाहावे. विषयाचे नाव भारदस्त असून शिकविण्यास स्वतंत्र अध्यापकच नाही, अशी स्थिती असल्यास साध्या नावाचा पण चांगला शिकविला जाणारा विषय श्रेयस्कर होय.

तिसरी कसोटी पुढील मार्गाची. सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांना काही संस्थांत निरनिराळ्या शाखांच्या पदवीधरांना प्रवेश मिळतो. मुंबईत १९५६ साली सुरू झालेल्या, आज आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत लोकसंख्येच्या अभ्यासाबरोबर आरोग्याच्या आकडेवारीचेही अध्ययन चालते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम याच संस्थेकडे सोपविलेले असते. पुढे जेथे जावयाचे आहे तेथील प्रवेशाच्या अटी पहिल्याच वर्षी वाचून ठेवाव्यात. पदवी हाती आल्यावर त्या वाचून खेद करण्यात अर्थ नाही.

चौथी कसोटी स्वतःच्या जिज्ञासेची, आणि ती सर्वांत अवघड. विद्यार्थ्याने एका कागदावर असा एक प्रश्न लिहावा की, ज्याचे उत्तर आपल्या मुख्य विषयात मिळत नाही आणि जो आपल्याला स्वस्थ बसू देत नाही. आपल्या गावातील विहिरीचे पाणी दर पावसाळ्यात का बाधते? आपली आई नेहमी थकलेली का असते? असा प्रश्न लिहिता आला, तर कोणता विषय घ्यावा हे बहुधा तो प्रश्नच सांगतो. तो लिहिता आला नाही, तर निवडीची घाई करू नये. पहिल्या दोन सत्रांचा अवकाश त्यासाठीच ठेवलेला आहे.

सोहोतील व्हाइटहेड यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता, की वैद्यकाची पदवी नव्हती. घरोघर जाऊन धीराने विचारपूस करणे, आणि पुरावा आपल्या मताविरुद्ध गेला तर मत बदलणे, एवढेच त्यांना साधले होते. आरोग्याच्या कोणत्याही विषयाचे ३६० तास विद्यार्थ्याला एवढे शिकवून गेले, तरी ते कारणी लागले असे म्हणता येईल.