बोल्टालाही दाखला लागतो!

बेंगळुरूत विमानं बनतात, दुरुस्त होतात आणि एखादं पडलं तर ते का पडलं याचा छडाही इथल्या प्रयोगशाळेत लावला जातो. बनावट आणि बिनमंजुरीच्या सुट्या भागांचा विषय इथे जिव्हाळ्याचा आहे, तो यामुळेच.

सोलापूरकराचा श्रीगणेशा
सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीनं डिसेंबर 1940 मध्ये इथे विमानं बनवणारी कंपनी काढली. तीच आजची एचएएल. दुसऱ्या महायुद्धात ओव्हरहॉलसाठी आलेली, पाण्यावर उतरू शकणारी कॅटालिना विमानं चक्क बेळंदूर तलावावर उतरायची!

कागद नाही, तर भाग नाही
दुरुस्त होऊन आलेल्या भागासोबत ‘सीए फॉर्म 1’ किंवा त्याच्या तोडीचा दाखला हवाच. भाग कोणता, काम काय झालं, सही कोणाची, सगळं त्यावर असतं. कागद गहाळ झाला, तर महागडा भागही कपाटातच राहतो.

वय मोजा उड्डाणांत
इंजिनातल्या फिरत्या चकत्यांचं आयुष्य ‘सायकल’मध्ये मोजतात. एक उड्डाण, एक सायकल. मर्यादा भरली की चकती कितीही चकचकीत दिसो, ती बाद.

भंगार? आधी तुकडे करा!
बाद भाग तसाच विकला, तर पॉलिश होऊन पुन्हा बाजारात येऊ शकतो. म्हणून तो कापून, ठेचून कायमचा निकामी करतात.

मिलिमीटरहून कमी फरक
10 जून 1990. ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच हवेत उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. आदल्या दिवशीच बसवलेल्या त्या काचेच्या 90 बोल्टांपैकी 84 बारीक निघाले. कर्मचाऱ्यांनी कॅप्टनला घट्ट धरून ठेवलं. सगळे वाचले.

सगळेच वाचत नाहीत
8 सप्टेंबर 1989 रोजी पार्टनेअर या विमान कंपनीचं विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळलं. 55 जण गेले. शेपटीत बनावट बोल्ट सापडले. 25 जुलै 2000 रोजी कॉन्कॉर्ड विमानाचा टायर फाटला, तो दुसऱ्या विमानातून धावपट्टीवर पडलेल्या पट्टीमुळे. पट्टी हवी होती स्टेनलेस स्टीलची, बसवली होती टायटॅनियमची. विमान कोसळलं. बळी 113.

खोटे दाखले, खरी इंजिनं
2023 मध्ये लंडनच्या ‘एओजी टेक्निक्स’नं खोट्या दाखल्यांसह इंजिनाचे भाग विकल्याचं उघड झालं. अनेक देशांतल्या विमान कंपन्यांना इंजिनांतून ते भाग शोधून काढावे लागले.

धातू साक्ष देतो
बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत, म्हणजे एनएएलमध्ये, तुटलेले भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. बारीक समांतर रेषा दिसल्या, तर भेग हळूहळू वाढत गेली. खळगेच खळगे दिसले, तर भाग जास्तीच्या ताणानं एकदम तुटला.

संशय आला की कुलूप
संशयास्पद भाग वेगळ्या, कुलूपबंद जागेत ठेवायचा आणि डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाला कळवायचं. विमानाला उशीर होतो, तो होऊ द्या. ‘कागद पटत नाही, भाग लावणार नाही’ असं ठामपणे सांगणाऱ्या तंत्रज्ञामागे कंपनीनं आणि आपण प्रवाशांनीही उभं राहायला हवं.