पिंजऱ्यातील सोबत्यासह मोटारीचा प्रवास

मुले पुण्या-मुंबईला आणि घरी वृद्ध आई-वडील, हे चित्र गंगाखेडसारख्या गावात आता नित्याचे झाले आहे. अशा घरी पिंजऱ्यातला पक्षी ही केवळ हौस नसते, ती सोबत असते. ‘पाखराला कोण पाहील?’ या एका प्रश्नापायी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा गुडघ्याचे उपचार लांबणीवर टाकले जातात. पुरेशी काळजी घेतल्यास पक्षी बरोबर नेता येतो. मात्र बंद मोटारीत पक्षी आणि माणूस एकाच हवेत श्वास घेतात, याचे भान सतत ठेवावे.

आधी कायद्याविषयी. आपल्याकडील हिरवा, कंठवाला पोपट पाळण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मनाई आहे. त्यामुळे येथील सूचना बजरीगर, कॉकेटिल यांसारख्या मूळच्या परदेशी पक्ष्यांपुरत्या आहेत. निघण्यापूर्वी पक्ष्याची पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. परभणीचे पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय आपल्याला जवळचे आहे.

प्रवासासाठी लहान, मजबूत पिंजरा घ्यावा. बसण्याची दांडी एकच आणि खालच्या बाजूस असावी. झोके व खेळणी काढून ठेवावीत. पिंजरा मागच्या आसनावर ठेवून सीटबेल्टने घट्ट बांधावा. आजोबांच्या मांडीवर तो कधीही ठेवू नये; अचानक ब्रेक लागल्यास दोघांनाही इजा होते. पुढच्या आसनावर एअरबॅगचा धोका असतो. पाण्याची वाटी हिंदकळते, म्हणून वाटेत काकडीची फोड द्यावी आणि थांबल्यावर पाणी पाजावे. लांबच्या प्रवासाआधी काही दिवस पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्या मारून सवय करावी.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून तो धापा टाकू लागला, पंख अंगापासून दूर धरू लागला, तर त्याला ऊन बाधत आहे असे समजावे. त्याला त्वरित गारव्यात न्यावे आणि पायांवर साधे पाणी शिंपडावे. बर्फाचे पाणी वापरू नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत दहा मिनिटांत तापमान सुमारे दहा अंशांनी वाढते. म्हणून तेथे पक्ष्याला क्षणभरही एकटे सोडू नये, आणि वृद्धांनाही. शक्यतो पहाटे निघावे.

पक्ष्याची फुप्फुसे हवेतील वायू फार वेगाने शोषतात. म्हणून अत्तर, मोटारीतील सुगंधी डबी, धूम्रपान हे सारे वर्ज्य करावे. दमा असलेल्या ज्येष्ठांनाही ते बाधतेच. उलट, पिसांचा भुगा आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ माणसाला त्रास देते. यासाठी पिंजऱ्याच्या तळाशी कागद अंथरावा, वातानुकूलन चालू असताना बाहेरची हवा आत येऊ द्यावी आणि झोत थेट पिंजऱ्यावर सोडू नये. दम्याच्या रुग्णाने पिंजऱ्यापासून दूर बसावे व श्वासाचा पंप हाताशी ठेवावा.

दर दोन तासांनी थांबावे. पक्षी विसावतो, आणि पाच मिनिटे चालल्याने वृद्धांच्या पायांत रक्ताची गाठ होण्याची शक्यता कमी होते. थांबल्यावर पिंजऱ्याचे दार उघडू नये. ढाब्यावरच्या कोंबड्यांजवळ पिंजरा ठेवू नये. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता.

मुक्कामी पोहोचल्यावर तळाचा कागद ओला करून मगच काढावा, म्हणजे धूळ उडत नाही. हे काम घरातील धडधाकट व्यक्तीने मास्क लावून करावे व नंतर साबणाने हात धुवावेत. वरवर निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याकडूनही सिटाकोसिस हा जंतुसंसर्ग होऊ शकतो. साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो. वृद्धांमध्ये त्यातून न्यूमोनिया उद्भवू शकतो. योग्य प्रतिजैविकांनी तो बरा होतो, परंतु निदानासाठी डॉक्टरांच्या मनात त्याची शंका यावी लागते. म्हणून नव्या गावी डॉक्टरांकडे जाल तेव्हा जुन्या औषधांच्या यादीबरोबर ‘आमच्या घरी पक्षी आहे’ हेही आवर्जून सांगा.