निळा पडदा आणि बिचारी विंडोज

संगणक निळा पडदा दाखवून थांबला की ठाण्या-डोंबिवलीतल्या दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक बहुधा म्हणते, ‘नवीन विंडोज टाकून द्या.’ कधी ते बरोबरही असते. पण पडद्यावर ‘व्हिआ अनकरेक्टेबल एरर’ लिहिलेले असेल, तर दोष बहुतेक वेळा यंत्राच्या भागांत असतो. कर्नलने (कार्यप्रणालीचा गाभा) संगणक मुद्दाम थांबवलेला असतो.

कर्नल प्रत्येक भागावर सतत पहारा देत नाही. कल्याण लोकलचा मोटरमन तरी कुठे डब्याडब्यांत डोकावतो? साखळी ओढली की गाडी थांबते, गार्ड तो डबा शोधतो आणि सारे ठीक असेल तर गाडी पुढे निघते. इंटरप्ट (प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावणारा संकेत) म्हणजे ही साखळी. इंटेलच्या प्रोसेसरांत गंभीर यंत्रदोषांसाठी १८ क्रमांकाचा ‘मशीन चेक’ राखीव आहे. काटेकोर भाषेत त्याला एक्सेप्शन म्हणतात, पण रीत तीच.

म्हणजे प्रत्येक संकेतानंतर संगणक बंद पडतो असे नाही. ईसीसी मेमरी (चूक ओळखून सुधारणारी स्मृती) एका बिटची चूक स्वतःच सुधारते. कर्नल फक्त नोंद घेतो. दोन बिट बिघडले तर ते कळते, सुधारत मात्र नाही. तेव्हा लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीचा कर्नल जमल्यास मेमरीचा तेवढाच तुकडा बाद करतो आणि तो वापरणारा प्रोग्राम बंद करतो. कर्नलचीच माहिती बिघडली असेल, तर चुकीचे आकडे डिस्कवर उतरण्यापेक्षा थांबणे बरे.

घरगुती संगणकांत ईसीसी सहसा नसते. तिथे मेमरीतली चूक मुकाट्याने निसटते, आणि माझ्या मते निळ्या पडद्यापेक्षा तेच जास्त घातक आहे.