डोमेन कुणाच्या नावावर आहे? (भागाचं लिखित रूप)

पळसदरीहून मी पुन्हा तुमच्या भेटीला. आजचा विषय वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन. कर्जत-खालापूर पट्ट्यात ज्यांनी होमस्टे, शेतघर किंवा रोपवाटिका काढली आहे, त्यांनी हा भाग जरूर वाचा.

आधी एक गोष्ट पक्की करू. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवलं जातं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं. मुदत वाढवली नाही, तर ते दुसरं कुणीही घेऊ शकतं.

आता नाव निवडू. 'पळसदरी'च घ्या. रोमन लिपीत आपला 'ळ' नाही, तिथे 'एल'वर भागवावं लागतं. 'दरी'साठी कुणी नुसता 'डी' लिहितं, कुणी पुढे 'एच' जोडतं. मग पाहुणा शोधणार कसा? सोपी परीक्षा सांगतो. खोपोली लोकलमध्ये बसलेल्या पाहुण्याला फोनवर नाव सांगा. स्पेलिंग न विचारता त्याला टाइप करता आलं, तर नाव चांगलं. गोंधळ होत असेल, तर परवडल्यास दोन्ही स्पेलिंगं नोंदवा आणि दुसरं पहिल्याकडे वळवा. हायफन आणि आकडे शक्यतो टाळा.

शेपूट कोणतं? डॉट कॉम सगळ्यांच्या तोंडी आहे. डॉट इन आपल्या देशाचं. त्याची व्यवस्था 'निक्सी' ही संस्था बघते. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं. तिथे 'ळ' शाबूत राहतो! पण अशा नावाचा ईमेल पत्ता अजून बरेच फॉर्म स्वीकारत नाहीत. म्हणून ते जोडीला ठेवा, एकटं नको.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे बहुतेक वेळा वेबसाइट करून देणारा मुलगाच डोमेन नोंदवतो, तेही स्वतःच्या खात्यातून. पैसे तुमचे, पण मालक म्हणून नाव त्याचं. उद्या तो पुण्याला गेला, नंबर बदलला, की तुमच्या पाटीवर, कार्डावर छापलेलं नाव तुमच्या हातात राहत नाही. जमीन घेताना सातबारा बघता ना? तसंच इथे बघा. रजिस्ट्रारकडचं खातं तुमचं हवं, 'रजिस्ट्रंट' म्हणून नाव तुमचं हवं, ईमेल आणि मोबाइलही तुमचाच. मुलाला काम करू द्या, पण किल्ली आपल्याकडे ठेवा.

ईमेल देताना आणखी एक काळजी घ्या. त्याच डोमेनवरचा पत्ता देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, मग मुदतीची सूचना येणार कुठे?

पैसे भरण्याआधी पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका. दुसऱ्या वर्षापासूनचा दर विचारा. स्वयंचलित नूतनीकरण चालू ठेवा आणि जोडलेलं कार्ड चालू आहे ना, तेही बघा. डॉट कॉमची मुदत टळून नाव रद्द झालं, तरी ते सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात. पण तेव्हा दंडासारखी जादा रक्कम मोजावी लागते.

ज्यांची वेबसाइट आधीच आहे, त्यांनी आजच आपल्या माणसाला एवढंच विचारा: "डोमेन कुणाच्या नावावर आहे?" उत्तर तोंडी नको, स्क्रीनवर दाखवायला सांगा. नाव त्याचं निघालं, तर गोडीत असतानाच बदलून घ्या.

भेटू पुढच्या भागात!