चाचे कोण आणि सरखेल कोण?

जामसर हे जव्हारच्या डोंगराळ मुलखातील गाव. येथून समुद्र दिसत नाही. मग चाच्यांच्या गोष्टी येथे कशासाठी, असे कोणी विचारील. पण याच मुलखात जव्हारजवळ शिरपामाळ आहे. १६६४ च्या सुरत-स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांचा मुक्काम तेथे झाला व जव्हारच्या राजाने त्यांचा सत्कार केला, असे परंपरा सांगते. त्या स्वारीला सुरतेच्या वखारवाल्यांनी लूट म्हटले, आपण स्वारी म्हणतो. जमिनीवर जो वाद, तोच पाण्यावरही आहे.

चाचा म्हटला की लाकडी पाय, खांद्यावर पोपट आणि पुरलेल्या खजिन्याचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. हे चित्र बहुतांशी स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ने (पुस्तकरूपाने १८८३) रूढ केले. खरे चाचे लूट सहसा पुरीत नसत. ती वाटून घेत आणि बंदरात उडवून टाकीत. पुरून ठेवण्याइतका धीर असता तर ते त्या धंद्यात पडलेच नसते, असे आम्हांस वाटते!

खऱ्या चाच्याचा नमुना पाहावयाचा तर हेन्री एव्हरीचा पाहावा. सप्टेंबर १६९५ मध्ये त्याने मक्केहून परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटले व यात्रेकरूंचे अतोनात हाल केले. त्याच्यामागे कोणतेही राज्य नव्हते. लूट सोबत्यांत वाटली गेली आणि तो नाहीसा झाला, तो पुढे कधीच सापडला नाही. भोगावे लागले ते सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांना. मोगलांनी त्यांना कैदेत टाकले, कारण एव्हरी इंग्रज म्हणून सारे इंग्रज चाचे, हा त्यांचा हिशेब. हाच हिशेब थोड्याच वर्षांत इंग्रजांनी आंग्र्यांना लावला.

कान्होजी आंग्रे यांना १७१३ मध्ये, बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने, शाहू महाराजांनी सरखेलपद आणि कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी इत्यादी किल्ले दिले. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य अधिकारी. कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी तारवांनी त्यांचे दस्तक घ्यावे. न घेईल त्याचे तारू अटकवावे, असा शिरस्ता होता. आता ही युक्ती कान्होजींनी शोधली काय? मुळीच नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीज हेच करीत होते; त्यांच्या परवान्याला ‘कार्ताझ’ म्हणत, आणि तो नसलेले जहाज ते जप्त करीत. इंग्रजही आपले परवाने देत. मग पोर्तुगीजांचा तो कायदा आणि आंग्र्यांची ती चाचेगिरी, हे कसे?

खरा तंटा निराळाच होता. कंपनीची स्वतःची जहाजे अडवू नयेत, इतके कान्होजींना मान्य होते. परंतु देशी व्यापारी आपला माल इंग्रजी निशाणाखाली नेऊ लागले आणि त्यांनाही मोकळीक हवी, असा मुंबईकरांचा आग्रह पडला. तो मान्य केला तर दस्तकाला अर्थच उरत नव्हता. म्हणून तारवे धरली गेली व मुंबईच्या दप्तरात ‘चाचा’ हा शब्द चढला. १७१८ मध्ये गव्हर्नर बून याचे आरमार खांदेरीवर चालून गेले व हात हलवीत परतले. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एक होऊन कुलाब्यावर आले. कान्होजींच्या मदतीला शाहूंकडून बाजीराव फौज घेऊन आला, आणि हाही बेत फसला. ज्याच्या मदतीला छत्रपतींची फौज येते, तो चाचा कसला?

तथापि आंग्र्यांना निष्पाप ठरविण्याचा आमचा हेतू नाही. १७१२ मध्ये त्यांनी गव्हर्नरचे खासगी गलबत पकडले. त्यात कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याच्या तरुण विधवेच्या सुटकेसाठी तीस हजार रुपये घेतले गेले. त्या बाईला राज्याची सनद दाखवून काय समाधान मिळाले असते? पण आजची व्याख्याही पाहावी. १९८२ च्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चाचेगिरी म्हणजे खासगी स्वार्थासाठी खासगी जहाजाने केलेला अत्याचार. राज्याच्या सनदेने चालणारे आरमार क्रूर असू शकते, अन्यायी असू शकते. ते या व्याख्येत बसत नाही.

पुस्तकांनी मात्र आपला निकाल केव्हाच दिला होता. क्लेमंट डाउनिंग या खलाशाने १७३७ साली छापलेल्या इतिहासाच्या मथळ्यातच ‘आंग्रिया चाचा’ आहे. तेच बीज २००७ च्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ चित्रपटात उगवले. त्यात हिंदी महासागराचा चाचा-सरदार म्हणून ‘संभाजी आंग्रिया’ नावाचे पात्र येते. इकडे मुंबईत नौदलाच्या तळाला १९५१ पासून ‘आंग्रे’ हेच नाव आहे.

तुळाजीचा शेवटही पाहण्यासारखा आहे. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीना, तेव्हा पेशव्यांनीच इंग्रजांची मदत मागितली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. निघण्यापूर्वीच, मुंबईत बसून, मिळणाऱ्या लुटीची वाटणी कशी करावयाची हे त्यांनी ठरवून ठेवले होते. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपये सापडले. ते त्यांनी आपसांत वाटून घेतले, मराठ्यांना त्यांतले काही दिले नाही. तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.