रजोनिवृत्ती आणि संप्रेरकोपचार : भय आणि वस्तुस्थिती

बालरोगतज्ज्ञाने रजोनिवृत्तीवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु धार-देवाससारख्या गावांत मूल दवाखान्यात येते ते आईबरोबर आणि पुष्कळदा आजीबरोबरही. आणि आपल्याकडे आजी पंचेचाळीस वर्षांचीही असू शकते. नातवाची तपासणी आटोपली की ती दाराशी थबकून विचारते, "डॉक्टरसाहेब, रात्री अंगाची आग होते, झोप लागत नाही, काही गोळी आहे का?" कधी सोबतची तिशीतली सून सांगते की तिची 'पिशवी' काढून दोन वर्षे झाली. या दोघींच्या गरजा सारख्या नाहीत. हा भेद स्पष्ट करणे हाच या लेखाचा हेतू आहे.

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत हे वय सरासरी ४६-४७ वर्षे, तर पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास आहे. बीजांडकोषांतून स्रवणारे इस्ट्रोजेन घटल्यामुळे अंगातून गरम वाफा येणे, घाम, निद्रानाश, योनिमार्गाचा कोरडेपणा आणि कालांतराने हाडांचा ठिसूळपणा उद्भवतो. हे संप्रेरक बाहेरून देणे म्हणजे संप्रेरकोपचार.

या उपचाराविषयीची धास्ती मुख्यतः जुलै २००२ पासूनची आहे. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासाचा इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा भाग तेव्हा मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनकर्करोगाचे ८ रुग्ण अधिक आढळले, हे वृत्त जगभर पसरले. मात्र त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे मागे पडले. गर्भाशय काढलेल्या ज्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन दिले गेले, त्यांच्यात स्तनकर्करोग वाढला नाही, हेही फारसे कोणी सांगितले नाही. पुढील विश्लेषणांतून असे दिसले की साठीच्या आत अथवा रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास, त्रास असलेल्या बहुतेक निरोगी स्त्रियांत लाभाचे पारडे जड असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील ठळक इशाऱ्यांपैकी बराचसा मजकूर काढण्याचा निर्णय जाहीर केला.

पर्यायांचे स्वरूप थोडक्यात असे. गर्भाशय शाबूत असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते. अन्यथा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग संभवतो. गर्भाशय काढलेले असल्यास बहुधा केवळ इस्ट्रोजेन पुरते. तोंडाने घ्यावयाच्या गोळीने रक्तात गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढते. त्वचेवर लावावयाच्या जेलने किंवा पट्टीने ती वाढत असल्याचे दिसत नाही. म्हणून स्थूल वा रक्तदाब असलेल्या स्त्रीला त्वचेचा मार्ग अधिक योग्य. त्रास केवळ योनिमार्गाचा वा लघवीचा असेल तर स्थानिक मलम पुरेसे होते. टिबोलोन हाही एक पर्याय आहे. स्तनकर्करोग, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका वा गुठळी यांचा पूर्वेतिहास, यकृताचा तीव्र विकार अथवा कारण न कळलेला रक्तस्राव असल्यास गोळी वा पट्टीने संप्रेरके सामान्यतः देत नाहीत. अशांना वेन्लाफॅक्सिन, गाबापेन्टिन यांसारखी संप्रेरकरहित औषधे उपयोगी पडतात. व्यायाम, कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व सर्वांनाच हितकर आहे. परंतु गरम वाफा त्याने थांबत नाहीत.

आता त्या सुनेविषयी. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोष काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. ते राखले तरी ती काही वर्षे अलीकडे येऊ शकते. याचे विदारक रूप २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात समोर आले. ऊसतोडणीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या शासकीय पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याविषयी सर्व राज्यांना निर्देश दिले. अनावश्यक शस्त्रक्रिया टाळणे हे पहिले कर्तव्य होय. परंतु ज्यांची झाली, त्यांचे पुढे काय? चाळिशीपूर्वी इस्ट्रोजेन गमावलेल्या स्त्रीस अस्थिभंग व हृदयविकार यांचा धोका अधिक असतो. तिला, निषिद्ध कारण नसल्यास, निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत असे आजचे शास्त्र सांगते. साठीपुढील स्त्रियांवरील अभ्यासाच्या भीतीने तिला वंचित ठेवणे हा अन्याय आहे.

व्यवसायबंधूंना एवढीच विनंती की 'पिशवी काढली' असे ऐकताच पुढचा प्रश्न अवश्य विचारावा : बीजांडकोष राहिले आहेत का, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी वय काय होते? भगिनींनी शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवावा, दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत आणि संकोच न करता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. 'बाईच्या जन्माला हे चालायचेच' असे म्हणून जे सोसले जाते, त्यातील पुष्कळसे सोसण्याची आज गरज उरलेली नाही.